चालू खेळावरची खिडकी

पिंपरीच्या टेल्कोच्या कारखान्यातून १९९८ च्या अखेरीस इंडिका ही मोटार बाजारात आली, तेव्हा तिच्या चालकासमोर काही काटे, काही आकडे आणि थोडे दिवे होते. वेगाचा काटा फक्त वेग दाखवी आणि इंधनाचा काटा फक्त इंधन. प्रत्येकाची जागा ठरलेली होती आणि ती दुसऱ्या कोणाला घेता येत नसे.

त्याच औद्योगिक पट्ट्यात, पिंपरीपासून थोड्याच अंतरावर चाकण आहे. तिथे मर्सिडीज-बेंझने २०२२ मध्ये ईक्यूएस या विजेच्या मोटारीची जुळणी सुरू केली. तिच्या समोरच्या फळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४१ सेंटिमीटर रुंदीची एकच काच आहे आणि त्या काचेखाली तीन पडदे आहेत. महिंद्राच्या चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एक्सईव्ही ९ई या मोटारीतही तीन पडदे शेजारी शेजारी बसवलेले आहेत. अशा पडद्यावर वेग दिसतो, नकाशा दिसतो, गाण्यांची यादी दिसते, आलेला फोन दिसतो आणि प्रवाशासाठी चित्रपटही दिसू शकतो. काट्याची जागा काट्याचीच असे. पडद्याची जागा मात्र कोणीही मागू शकतो.

मग प्रश्न येतो: एक काम चालू असताना त्याच पडद्यावर दुसरे काम दाखवायचे असेल, तर ते कसे दाखवावे? पहिल्या कामाला धक्का लागू नये आणि अडचणीच्या वेळी कोणी वर राहायचे हे आधी ठरलेले असावे, यासाठी काय करावे? या प्रश्नाशी पहिली झुंज मोटारींच्या अभियंत्यांनी दिलेली नाही. ती दिली छोटे उपयुक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी, आपल्या लिपीसाठी खपणाऱ्या पुण्यातल्या तंत्रज्ञांनी आणि संगणकावरचे खेळ बनवणाऱ्यांनी. त्यातला विशेष बोधप्रद भाग म्हणजे चालू खेळाच्या वर महाजालाची खिडकी, म्हणजे ब्राउझर, उघडण्याची खटपट. हा इतिहास आपण क्रमाने पाहू.

पडदा एक, प्रोग्रॅम एक

आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ मध्ये आला. त्यावरची डॉस ही कार्यप्रणाली एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवी. पत्र लिहिता लिहिता एखादी बेरीज करायची झाली, तर पत्र साठवून ठेवायचे, लेखनाचा प्रोग्रॅम बंद करायचा, आकडेमोडीचा सुरू करायचा, उत्तर कागदावर टिपून घ्यायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील बोरलँड कंपनीने १९८४ मध्ये 'साइडकिक' नावाचा प्रोग्रॅम आणला. कंट्रोल आणि ऑल्ट या दोन कळा एकदम दाबल्या की चालू कामाच्या वरच टिपणवही, गणकयंत्र किंवा दिनदर्शिका उघडे. काम झाले की ती नाहीशी होई आणि पत्र होते तसे समोर येई.

हे कसे साधत असे? आपण कळ दाबतो तेव्हा प्रोसेसरला 'हातातले काम जरा थांबव' असा इशारा मिळतो. कोणता इशारा आल्यावर स्मृतीतल्या कोणत्या पत्त्यावर जायचे, याचा एक तक्ता संगणकात असतो. साइडकिक या तक्त्यात स्वतःचा पत्ता लिहून ठेवी आणि मूळचा पत्ता जपून ठेवी. त्यामुळे प्रत्येक कळ आधी त्याच्याकडे येई. आपल्या कामाची नसेल तर तो ती मूळ पत्त्यावर पाठवून देई. चाळीच्या दाराशी एखाद्याने टपाल हातात घ्यावे, आपले पत्र ठेवून घ्यावे आणि बाकीची पत्रे घरोघर पोचवावीत, तसाच हा प्रकार.

आता पडद्याचे पाहू. त्या काळच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी मावत, म्हणजे २,००० अक्षरे. प्रत्येक अक्षरासाठी दोन बाइट लागत: एक अक्षराचा, एक रंगाचा. म्हणजे सगळा पडदा अवघ्या ४,००० बाइटांत साठवता येई. वरून खिडकी उघडण्याआधी झाकला जाणारा भाग बाजूला नकलून ठेवायचा आणि खिडकी मिटल्यावर परत ठेवायचा, एवढेच. खालच्या प्रोग्रॅमला मधल्या काळात काय घडले याचा पत्ताही लागत नसे.

इथे तीन नियम दिसतात. मध्ये उभे राहायचे, झाकले ते जपायचे आणि आपले नाही ते पुढे सोडायचे. तिसरा नियम मोडला की घोटाळा होई. असे दोन-तीन प्रोग्रॅम एकदम स्मृतीत बसवले आणि एकाने दुसऱ्याचा पत्ता नीट जपला नाही, तर कळफलक मुका होई आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसे.

पुण्यात घडलेला थर

याच काळात आपल्याकडे वेगळाच प्रश्न उभा होता. कार्यालयांत वापरले जाणारे वर्डस्टार, डीबेस, लोटस १-२-३ हे प्रोग्रॅम परदेशात, रोमन लिपीसाठी लिहिलेले होते. त्यांच्या आत हात घालून ते बदलणे आपल्या हाती नव्हते. मग त्यांत मराठी नावे कशी लिहायची?

कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी देवनागरी संगणकावर काम करत होते. १९८३ मध्ये दिल्लीला भरलेल्या विश्व हिंदी संमेलनात त्यांचा देवनागरी संगणक मांडला गेला होता. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. तांबे तिथे आले आणि 'जिस्ट' हे तंत्र तिथे वाढले. त्याचे सर्वात परिचित रूप म्हणजे जिस्ट कार्ड. संगणकाच्या पेटीतल्या रिकाम्या खाचेत हे कार्ड बसवले की अक्षरांवर चालणाऱ्या डॉसच्या जुन्याच प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्या लिहिता येऊ लागत.

यातली युक्ती शिक्षकांनी वर्गात जरूर समजावून द्यावी अशी आहे. एका बाइटमध्ये २५६ निरनिराळे संकेत मावतात. त्यांतले पहिले १२८ रोमन अक्षरे, अंक आणि चिन्हे यांच्याकडे होते. उरलेल्यांत भारतीय लिप्यांचे संकेत बसवले गेले. या संकेतमालेला 'इस्की' म्हणतात. भारतीय मानक म्हणून ती १९९१ मध्ये मान्य झाली. 'क्ष' लिहिताना प्रोग्रॅमकडे क, हलन्त आणि ष असे तीन संकेत जात. प्रोग्रॅम ते मुकाट्याने साठवी. त्यांचा अर्थ त्याला कळण्याची गरजच नव्हती. पडद्यावर जाताना मात्र मध्ये उभे असलेले कार्ड त्या तिघांचे मिळून एक जोडाक्षर काढी. 'कि' लिहिताना संकेत आधी क चा आणि मग ऱ्हस्व वेलांटीचा असे. पडद्यावर वेलांटी आधी काढली जाई. खाली परकीय प्रोग्रॅम तसाच चाले आणि वर आपली लिपी उमटे.

पुढे या थराची गरज संपली, आणि तीही समजून घेण्याजोगी आहे. जगातल्या सर्व लिप्यांसाठी तयार झालेल्या युनिकोड या संकेतमालेने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. विंडोज २००० या कार्यप्रणालीत देवनागरीची सोय आतच आली. वरून लावलेला थर खालच्या पायात मुरला. पुरेशा लोकांना एखादी सोय हवी असेल तर पाया शेवटी ती पोटात घेतो, आणि तोवरचा पूल म्हणजे वरचा थर.

पडद्याचा एकटा मालक

विंडोजमुळे पडद्यावर अनेक खिडक्या शेजारी नांदू लागल्या. मग प्रश्न सुटला असे वाटेल. पण एक रहिवासी हट्टी होता, तो म्हणजे खेळ. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये डायरेक्टएक्स ही व्यवस्था आणली आणि खेळांना चित्रे काढणाऱ्या यंत्रणेपर्यंत जवळची वाट मिळाली. वेगासाठी बरेच खेळ सगळा पडदा आपल्या ताब्यात घेत. खेळ अर्धवट सोडून दुसऱ्या खिडकीत जायचे झाले, तर त्याची चित्रसामग्री पुन्हा स्मृतीत भरावी लागे. त्यात वेळ जाई आणि काही वेळा खेळ कोलमडून पडे. शिवाय अनेकजण मिळून खेळत असतील तर बाकीचे आपल्यासाठी थांबत नसत.

आणि बाहेर जाण्याची गरज तर वारंवार पडे. एखाद्या भुयाराचा नकाशा पाहायचा असे, कोड्याचे उत्तर हवे असे, मित्राला निरोप द्यायचा असे. हे सारे महाजालावर होते. डॉसच्या काळातली अडचण नव्या वेषात परत आली होती.

अमेरिकेतील वाल्व्ह कंपनीने २००३ मध्ये 'स्टीम' हा प्रोग्रॅम सुरू केला. खेळ विकत घेणे, उतरवून घेणे आणि अद्ययावत ठेवणे हे त्याचे काम. २००७ मध्ये त्याला मित्रमंडळाची सोय जोडली गेली आणि खेळ चालू असतानाच शिफ्ट आणि टॅब या कळा दाबून वरचा थर उघडता येऊ लागला. 'एक्सफायर' नावाचा दुसरा प्रोग्रॅमही त्या दशकात खेळावरच गप्पांची खिडकी उघडून देई. २०१५ मध्ये तो बंद झाला. स्टीमच्या थरातून महाजालावरची पाने पाहता येऊ लागली. २०१० मध्ये स्टीमने पाने दाखवण्याचे यंत्र बदलले. इंटरनेट एक्सप्लोररचे यंत्र सोडून वेबकिट घेतले आणि काही वर्षांनी क्रोमियम.

चित्र पुढे जाण्याआधी

हा थर खेळावर बसतो कसा? पडद्यावरचे हलते चित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. खेळ प्रत्येक चित्र आधी पडद्याआड पुरे करतो आणि मग 'हे आता दाखवा' अशी आज्ञा देतो. वरच्या थराचा प्रोग्रॅम नेमका या आज्ञेच्या वाटेत उभा राहतो. आज्ञा आली की तो तयार चित्रावर आपली खिडकी काढतो आणि मग आज्ञा पुढे सोडतो. टपाल हातात घेणारा माणूस आपण ओळखलाच असेल. खिडकी उघडी असताना कळा आणि माउस यांचे इशारेही तो खेळापर्यंत जाऊ देत नाही. नाहीतर पत्ता टाइप करताना खेळातला शिपाई उड्या मारू लागेल.

फरक आहे तो आकारमानाचा. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाला चार बाइट धरले तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट लागतात, म्हणजे डॉसच्या पडद्याच्या दोन हजारांहून अधिक पट. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. महाजालाचे पान जुळवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. खेळाने त्याच्यासाठी थांबायचे ठरवले, तर खेळ अडखळत चालेल.

म्हणून पान जुळवण्याचे काम वेगळ्याच प्रक्रियेत, पडद्याआड केले जाते. तयार पानाचे चित्र खेळाच्या चित्रावर एखाद्या पोस्टरसारखे चिकटवले जाते. पानात काही बदलले तरच नवे पोस्टर बनवायचे; न बदलल्यास जुनेच पुन्हा चिकटवायचे. याचा आणखी एक लाभ आहे. पान दाखवणारी प्रक्रिया बंद पडली तरी खेळ चालू राहतो. २००८ पासून विकसित होत असलेल्या 'क्रोमियम एम्बेडेड फ्रेमवर्क' या मुक्त साधनामुळे ब्राउझरचे असे यंत्र कोणत्याही प्रोग्रॅमच्या पोटात बसवणे पुष्कळ सोपे झाले.

सोयीची किंमत

सोय झाली, पण तिची किंमत काय? आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातला खेळ २००३ मध्ये सुरू झाला. त्याच्या आतच एक ब्राउझर होता. २००९ मध्ये तो क्रोमियमवर आधारून नव्याने बसवला गेला. खेळाडूने एखाद्या संकेतस्थळावर आपला विश्वास असल्याचे नोंदवले, की हा ब्राउझर त्या स्थळाला खेळाडूचे खेळातले नाव आणि त्याचे यान कोणत्या सूर्यमालेत आहे हेही कळवी. त्यामुळे यानाबरोबर सरकणारे नकाशे बनवता आले. आणि नेमक्या त्याच कारणाने, कोणाला आपला ठावठिकाणा सांगायचा याचा विचार खेळाडूला करावा लागला.

२०१६ मध्ये हा ब्राउझर खेळातून काढून टाकला गेला. कारणे शोधायला दूर जायला नको. महाजालावर रोज नवी छिद्रे सापडतात आणि ब्राउझर सतत बुजवत राहावा लागतो. खेळ बनवणाऱ्यांसाठी तो जन्माचा वेगळा धंदाच होऊन बसतो. एव्हाना खेळ खिडकीत चालवणे सुकर झाले होते, अनेकांच्या टेबलावर दुसरा पडदा आला होता आणि हातात फोन होता. जिस्ट कार्डासारखाच हाही पूल उतरवला गेला. स्टीमने मात्र आपला थर टिकवला. २०२३ मध्ये त्याची नव्याने मांडणी करून टिपणे लिहिण्याची सोय आणि खिडकी खेळावरच टाचून ठेवण्याची सोय दिली.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. दुसऱ्याच्या प्रोग्रॅमच्या वाटेत उभे राहण्याची ही युक्ती आणि खेळात लबाडी करणाऱ्यांची युक्ती यांत तंत्राचा फारसा भेद नाही. भिंतीआडचा प्रतिस्पर्धी दाखवणारे लबाड प्रोग्रॅमही चित्रावर चित्र चढवतात. वरून उघडलेल्या खोट्या पानावर पासवर्ड मागणारेही खिडकीच उघडतात. भेद आहे तो थर कोणी लावला, कोणाला सांगून लावला आणि तो आपले नसलेले पुढे सोडतो की नाही, यात.

चाकणच्या रस्त्यावर

आता मोटारीतल्या पडद्याकडे येऊ. २०१४ मध्ये अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले या व्यवस्था जाहीर झाल्या. फोनमध्ये तयार झालेले चित्र मोटारीच्या पडद्यावर दाखवण्याची ही सोय म्हणजे खेळावरच्या खिडकीचीच सख्खी बहीण. पण इथे खाली चालू असलेले काम खेळ नसून ड्रायव्हिंग आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. चाकणवरून जाणाऱ्या पुणे-नाशिक महामार्गावर चालकाने दोन सेकंद पडद्याकडे पाहिले तर मोटार ४४ मीटर न पाहता पुढे जाते. ईव्हमध्ये यान बुडाले तर नवे घेता येते.

टेस्लाच्या मोटारींत धावत असतानाही पडद्यावर खेळ खेळता येत होते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे ५,८०,००० मोटारींबाबत चौकशी सुरू केली आणि त्याच महिन्यात कंपनीने मोटार हलती असताना ही सोय बंद करण्याचे मान्य केले. मर्सिडीजच्या ईक्यूएसच्या रचनेत प्रवाशासमोरचा पडदा वेगळा आहे. तिथे चित्रपट चालू असताना चालकाची नजर तिकडे वळल्याचे कॅमेऱ्याने हेरले, की पडदा मंद केला जातो. थर कोणासाठी आहे हेही इथे यंत्र तपासते.

मोटारीत थरांचा क्रम नशिबावर सोडत नाहीत. उलटा गियर टाकला की गाणे असो वा नकाशा, मागच्या कॅमेऱ्याचे चित्र त्यावर येतेच. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. वाहनांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षिततेसाठी २०११ मध्ये आयएसओ २६२६२ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यानुसार रचना करताना एकाच चिपवर दोन वेगळे संसार मांडता येतात: एकात वेग आणि इशाऱ्याचे दिवे, दुसऱ्यात गाणी आणि नकाशे. दुसरा कोसळला तरी पहिला चालू राहावा, ही अपेक्षा. सर्वात वरचा थर इशाऱ्यांसाठी राखून ठेवता येतो. इतकेच नव्हे, तर इशाऱ्याचे चित्र खरोखर पडद्यावर गेले की नाही, हे त्या भागातल्या ठिपक्यांची बेरीजवजा तपासणी करून पाहता येते. आणि जे डोळ्यांवर सोडता येत नाही ते कानांवर सोपवले जाते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींत वेगाचा इशारा बंधनकारक झाला: ताशी ८० किलोमीटरच्या वर अधूनमधून आवाज, १२० च्या वर सतत. या आवाजावर कोणतीही खिडकी उघडून त्याला झाकता येत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका असतील तर उत्तम. नाहीतर ट्रेसिंग पेपरचे तीन कागद पुरेत. खालच्या कागदावर रस्ता आणि मोटार काढावी. दुसऱ्यावर गाण्यांची यादी, तिसऱ्यावर 'ब्रेक नादुरुस्त' हा इशारा. कागदांचा क्रम बदलत जावे आणि कोणत्या क्रमात कोणते काम झाकले जाते ते मुलांना नोंदवायला सांगावे. मग एका मुलाला 'मधला माणूस' करावे. सगळ्या चिठ्ठ्या आधी त्याच्या हातात याव्यात. आपल्या नावाच्या त्याने ठेवाव्यात आणि बाकीच्या पोचवाव्यात. एकदा त्याला गुपचूप एक चिठ्ठी दडपायला सांगावी. ती कोणाची होती आणि नसल्याचे कधी ध्यानात आले, यावर चर्चा करावी.

आकडेमोडही करून घ्यावी. ४,००० बाइटांच्या पडद्यापासून ८२,९४,४०० बाइटांच्या पडद्यापर्यंत येताना काय बदलले आणि काय तसेच राहिले? मुले बहुधा आकार बदलला असे सांगतील, आणि ते बरोबर आहे. मध्ये उभे राहणे, झाकले ते जपणे आणि आपले नाही ते पुढे सोडणे हे तीन नियम साइडकिकपासून आजवर बदललेले नाहीत. चौथ्या नियमाची भर मोटारीने घातली: धोक्याचा इशारा नेहमी सर्वात वर. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातल्या शाळांतली काही मुले उद्या हेच पडदे जुळवतील, तपासतील किंवा त्यांचे प्रोग्रॅम लिहितील. 'यात आणखी काय दाखवता येईल?' हा प्रश्न त्यांना कोणीही विचारील. 'हे उघडल्यावर काय झाकले जाईल?' हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारायला शिकावे, यासाठी हा इतिहास.